पुस्तके होती, वाट नव्हती

लॅटिन अमेरिकेचे साहित्य म्हटले की मराठी वाचकाला गाब्रिएल गार्सिया मार्केझ आठवतो, पाब्लो नेरुदा आठवतो, बोर्हेस आठवतो. ‘लॅटिनो’ साहित्य ही मात्र त्याहून निराळी गोष्ट आहे. मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक अशा प्रदेशांशी ज्यांचे मूळ जोडलेले आहे, परंतु ज्यांचे घर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे, अशा लेखकांचे हे लेखन. त्यातील बहुतांश इंग्रजीत आहे, काही स्पॅनिशमध्ये, तर काही एकाच वाक्यात दोन्ही भाषांत वावरणारे. २०२०च्या जनगणनेनुसार त्या देशात या समाजाची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे १९ टक्के होती.

दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात तेथे या समाजाचा वारसा-महिना साजरा होतो. ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरला आणि मेक्सिकोचा १६ सप्टेंबरला येतो, म्हणून हा मुहूर्त. १९६८मध्ये सप्ताह म्हणून सुरू झालेला हा उपक्रम १९८८च्या कायद्याने महिनाभराचा झाला. ग्रंथालयांत आणि पुस्तकांच्या दुकानांत या दिवसांत लॅटिनो लेखकांची पुस्तके दर्शनी मांडली जातात. ती मांडणी पाहून हे साहित्य कालपरवाचे असावे, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. हे साहित्य दीडशे वर्षांपासून लिहिले जात आहे. वाचकापर्यंत पोहोचण्याची त्याची वाट मात्र पुनःपुन्हा तुटत गेली. म्हणूनच त्याच्या इतिहासात लेखकांइतकेच मोल ती वाट बांधणाऱ्या प्रकाशकांचे, ग्रंथपालांचे आणि शिक्षकांचे आहे.

१८४८मध्ये ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोला आपला निम्म्याहून अधिक प्रदेश अमेरिकेच्या स्वाधीन करावा लागला. तेथील रहिवासी होते तेथेच राहिले; देश बदलला. सीमा आम्ही ओलांडली नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली, असे चिकानो चळवळीत म्हटले जाते, ते याच अर्थाने. (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी नागरिकांनी स्वतःसाठी स्वीकारलेले ‘चिकानो’ हे नाव.) मारिया आम्पारो रुईस दे बर्टन ही त्याच पिढीतील लेखिका. तिची पहिली इंग्रजी कादंबरी १८७२मध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. ‘द स्क्वॉटर अँड द डॉन’ ही दुसरी कादंबरी १८८५मध्ये टोपणनावाने आली. नव्या राजवटीत जमिनीची मालकी न्यायालयात सिद्ध करण्यात आणि घुसखोरांशी झगडण्यात कॅलिफोर्नियातील जुनी मेक्सिकन कुटुंबे कशी नागवली गेली, याचे चित्रण तिने केले. लेखिका १८९५मध्ये निवर्तली, आणि तिचे लेखनही विस्मरणात गेले. ‘द स्क्वॉटर अँड द डॉन’ पुन्हा छापली गेली ती १९९२मध्ये, पहिल्या प्रकाशनानंतर १०७ वर्षांनी.

विस्मरणाला उत्तर देण्याचे काम सर्वांत आधी ज्यांनी केले, त्यांत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील पुरा बेलप्रे हिचे नाव घ्यावे लागते. १९२१मध्ये ती हार्लेममधील शाखेत रुजू झाली. त्या ग्रंथालयातील ती पहिली पोर्तो रिकन ग्रंथपाल. आजूबाजूच्या वस्तीत स्पॅनिश बोलणारी मुले वाढत होती, परंतु त्यांच्या बेटावरच्या लोककथा ग्रंथालयाच्या फडताळात नव्हत्या. बेलप्रेने त्या स्वतः सांगण्यास आरंभ केला, कधी इंग्रजीत, कधी स्पॅनिशमध्ये, कधी बाहुल्यांच्या साहाय्याने. मार्टिना हे झुरळ आणि पेरेझ हा उंदीर यांची आजीकडून ऐकलेली कथा तिने १९३२मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ग्रंथालय ही केवळ पुस्तके ठेवण्याची जागा नाही. ज्यांची पुस्तके अद्याप लिहिली गेलेली नाहीत, त्यांनाही तेथे स्थान असले पाहिजे, हे तिच्या कार्याचे सार होय. १९९६पासून लॅटिनो लेखक आणि चित्रकारांच्या उत्कृष्ट बालसाहित्याला तिच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

प्रौढ साहित्याची वाट मोकळी होण्यास १९६०चे दशक उजाडावे लागले. शेतमजुरांचे लढे आणि चिकानो विद्यार्थी-चळवळ यांच्या वातावरणात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९६७मध्ये ‘किंतो सोल’ ही छोटी प्रकाशनसंस्था उभी राहिली. मोठे प्रकाशक या लेखनाकडे वळत नव्हते, म्हणून तिने स्वतःचा साहित्य-पुरस्कारच सुरू केला. पहिला मान मिळाला तोमास रिव्हेरा या टेक्सासमधील लेखकाला. हंगामानुसार राज्याराज्यांत पिके काढत फिरणाऱ्या मजूर कुटुंबात तो वाढला होता. १९७१मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक याच मजुरांचे आहे. ते त्याने स्पॅनिशमध्ये लिहिले आणि प्रकाशकाने इंग्रजी भाषांतरासह एकाच ग्रंथात छापले. पुढच्याच वर्षी याच संस्थेकडून रुडॉल्फो अनाया याची ‘ब्लेस मी, अल्टिमा’ ही कादंबरी आली. न्यू मेक्सिकोतील एक लहान मुलगा आणि झाडपाल्याचे औषध जाणणारी एक वृद्धा यांच्या नात्याची ही कथा आज या साहित्यातील अभिजात कृतींत गणली जाते.

१९७९मध्ये निकोलास कानेयोस यांनी सुरू केलेली ‘आर्ते पुब्लिको प्रेस’ ही ह्यूस्टन विद्यापीठातील संस्था त्याच मार्गावरची. सॅन्ड्रा सिस्नेरोस हिची ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ प्रथम छापली ती याच संस्थेने, १९८४मध्ये. न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती हाती घेतली १९९१मध्ये. मग ती देशभरच्या शाळांत पोहोचली. रुईस दे बर्टनची विस्मृत कादंबरी पुन्हा उजेडात आणली तीही ‘आर्ते पुब्लिको’नेच. जुनी वृत्तपत्रे, हस्तलिखिते आणि विस्मृत पुस्तके शोधून जतन करण्याचा प्रकल्प या संस्थेने १९९०च्या दशकाच्या आरंभी हाती घेतला. याच सुमारास मुख्य प्रवाहातील सन्मानही मिळू लागले. क्युबन वंशाच्या ऑस्कर इहुएलोस याच्या कादंबरीला १९९०मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. कादंबरीसाठी तो मिळवणारा तो पहिला लॅटिनो लेखक. २००८मध्ये डोमिनिकन वंशाच्या जूनो डियाझ याला तोच पुरस्कार मिळाला.

तथापि मिळालेली जागा टिकतेच असे नाही. ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहराच्या शाळांत मेक्सिकन-अमेरिकन इतिहास व साहित्याचा अभ्यासक्रम चालत असे. २०१०मध्ये राज्याने केलेल्या कायद्याचा आधार घेऊन जानेवारी २०१२मध्ये तो बंद करण्यात आला. सात पुस्तके वर्गांतून काढून, खोक्यांत भरून गोदामात पाठवली गेली. ही बंदी नव्हे, असा शिक्षण-प्रशासनाचा दावा होता. ज्या मुलांच्या समोरून ती खोकी गेली, त्यांच्या दृष्टीने हा भेद निरर्थक होता. त्यावर ह्यूस्टनमधील लेखक टोनी डियाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०१२मध्ये बसने टूसॉन गाठले. सोबत होती अभ्यासक्रमातून हद्दपार झालेली पुस्तके. स्वतःला त्यांनी ‘लिब्रोत्राफिकांते’, म्हणजे पुस्तकांचे तस्कर, असे नाव घेतले आणि वाटेतील शहरांत छोटी ग्रंथालये उभी केली. प्रकरण न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१७मध्ये संघीय न्यायाधीशांनी निर्णय दिला, की हा कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता आणि त्यामुळे विद्यार्थ्यांच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला.

दुसरा वाद २०२०मधला. मेक्सिकोतून जिवाच्या भीतीने पळणाऱ्या आई-मुलावरील ‘अमेरिकन डर्ट’ या कादंबरीची प्रकाशकाने प्रचंड जाहिरात केली. मेक्सिकन-अमेरिकन लेखकांनी तीवर टीका केली, तेव्हा चर्चा केवळ लेखिकेच्या अधिकारापुरती राहिली नाही. दुसऱ्याचे दुःख लिहू नये, असे कोणतेही साहित्यशास्त्र सांगत नाही. प्रश्न असा होता, की ज्यांनी ते आयुष्य आतून लिहिले, त्यांच्या पुस्तकांमागे इतके बळ कधी उभे राहिले होते काय? वर सांगितलेला इतिहास ठाऊक असणाऱ्याला या प्रश्नातील धार समजते.

हे साहित्य वाचायचे तर प्रारंभ कोठून करावा? तीन पुस्तके सुचवावीशी वाटतात. पहिले ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’. शिकागोच्या गरीब वस्तीतील एस्पेरान्सा या मुलीची ही ४४ छोट्या प्रकरणांची कथा इंग्रजी सोपी असल्याने शाळकरी वाचकालाही पेलते, आणि प्रौढ वाचकाला अस्वस्थ करते. दुसरे, शेतमजुरांचे आयुष्य तुटक प्रसंगांतून उभे करणारे रिव्हेराचे पुस्तक. ते इंग्रजी भाषांतरात वाचता येते. तिसरे, हूलिया अल्वारेझ हिची ‘इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज’ ही १९९४ची कादंबरी. डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियो याच्या राजवटीने २५ नोव्हेंबर १९६० रोजी ज्यांची हत्या केली, त्या मिराबाल भगिनींवर ती आधारलेली आहे. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा जागतिक दिन त्यांच्याच स्मृतिदिनी पाळला जातो.

या पुस्तकांत अधूनमधून स्पॅनिश शब्द येतात आणि अनेकदा त्यांचा अर्थ दिलेला नसतो. त्याने बिचकण्याचे कारण नाही. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिच्यातील ‘आर्मारियो’ म्हणजे आपली अलमारी, ‘सापातो’ म्हणजे पादत्राण, आपल्या सपातांचा भाऊबंद. पोर्तुगीजकडून आलेले असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या घरात वापरणाऱ्या गोव्याच्या वाचकाला तो भाषेचा उंबरठा फारसा उंच वाटू नये.

आपल्या ग्रंथालयात यांपैकी एखादे पुस्तक नसेल, तर मागणीच्या वहीत त्याचे नाव लिहावे. बेलप्रेच्या फडताळापासून टूसॉनच्या खोक्यांपर्यंतचा इतिहास हेच सांगतो, की पुस्तक फडताळावर येते आणि तेथे टिकते ते कोणीतरी ते मागते म्हणून. परक्या लेखकाचा गौरव करण्याचा याहून साधा आणि खरा मार्ग वाचकाच्या हाती दुसरा नाही.