दुर्बिणीची नजर आणि अंगावरचा चट्टा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारे २,६०० कोटी रुपये. आकाशाच्या अभ्यासावर एवढा पैसा ओतून शेजारच्या नांदेड-लातूरच्या पदरात काय पडणार, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. तो अडाणीपणाचा खचितच नाही.

जर्मनीच्या ‘रोसाट’ उपग्रहाने १९९० पासून क्ष-किरणांत आकाशाची पाहणी केली. दूरच्या ज्योतीपासून मोजकेच किरणकण हाती लागत. त्या विरळ ठिपक्यांतून खरी आकृती वेगळी काढण्याची गणिती रीत माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे त्वचेवरील तिळांच्या छायाचित्रांना लावली. साधा तीळ आणि कर्करोगाचा तीळ यांतील भेद कडांच्या व रंगांच्या अनियमितपणात दडलेला असतो. तसेच, अवकाशयानांसाठी लहान व अल्प वीज खाणारा कॅमेरा हवा म्हणून एरिक फॉसम यांनी अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात जो प्रकाशसंवेदक सिद्ध केला, त्याच जातीचा संवेदक आज किनवटच्या आशा सेविकेच्या मोबाईलमध्ये आहे.

साधन असे दारी आले असले, तरी ते जसेच्या तसे उपयोगी पडणार नाही. तिळाचा कर्करोग हे मुख्यतः गोऱ्या लोकांचे दुखणे. इकडे गाठ पडते ती गजकर्णाशी आणि कुष्ठरोगाशी. (कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवरील ‘निर्मूलन’ २००५ साली झाले, म्हणजे दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, इतकेच.) गोऱ्या त्वचेच्या चित्रांवर शिकवलेले यंत्र सावळ्या त्वचेवर चुकते. शिवाय कुष्ठाच्या चट्ट्यावरील बधिरता छायाचित्रात उमटत नाही. तेथे कापसाच्या बोळ्याने स्पर्श करूनच पाहावे लागते.

तेव्हा नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत, रुग्णांच्या संमतीने, येथल्याच त्वचेच्या चित्रांचा संग्रह व्हावयास हवा. खाजगी भांडवल त्यात उतरणार नाही, कारण गिऱ्हाईक दरिद्री आहे. हा खर्च सरकारनेच उचलावयाचा, आणि वेधशाळेच्या तुलनेत तो नगण्य आहे. मुखेड वा जळकोटच्या मजुराला जिल्ह्याच्या ठिकाणी एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. छायाचित्राने ती खेप वाचेल, मात्र पलीकडे ते पाहणारा डॉक्टर नेमलेला असला तरच. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. विलंब होतो तो निदानाला, आणि तेवढ्या अवधीत हातापायांच्या नसा निकामी होऊन बसतात.