गाडीचे दिवे मिणमिणतात?

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री उतरू लागली, की नागपूर, काटोल, कळमेश्वरकडच्या कितीतरी घरांची झोप बदलते. रात्री क्रेट भरायचे आणि पहाटे गाडी कळमन्याच्या बाजारात लावायची. घरचा माणूस जुनी पिकअप घेऊन निघतो. टायर पाहिले जातात, डिझेल पाहिलं जातं, आपण डबाही बांधून देतो. दिव्यांचं मात्र "लागतात ना, मग झालं!" एवढंच.

पण भगिनींनो, दिवा लागणं वेगळं आणि रस्ता दिसणं वेगळं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. मंद उजेडात बिनदिव्याची बैलबंडी किंवा रस्त्यात बसलेलं जनावर दिसेपर्यंत ब्रेकला जागाच उरत नाही.

उजेड कमी झाला, की "मोठा बल्ब टाकून घेऊ" असं घरात ठरतं. तो उपाय शेवटचासुद्धा नाही. आधी पुढच्या गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट काचेची. कंदिलाची काच काजळली, तर आपण वात मोठी करत नाही, काच पुसतो. इथंही तसंच. जुन्या गाडीची काच खरी असेल, तर साबणाच्या पाण्याने धुतली की पुरे. प्लॅस्टिकची असेल, तर उन्हाने ती पिवळट, धुरकट होते. टूथपेस्टने घासल्यास थोडी उजळते, पण ते तात्पुरतं. नीट करायचं, तर कडेच्या रंगाला टेप लावून, पाणी सोडत आधी १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं, पॉलिश करावं आणि वरून उन्हापासून जपणारा लेप द्यावा. लेप नसेल, तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. आतली चकाकी काळवंडली असेल, तर घासत बसू नका. तो भाग बदलावाच लागतो.

दुसरी गोष्ट विजेची, आणि खरी मेख बहुधा इथंच असते. बारीक, गंजलेल्या नळातून पाणी जसं कमी येतं, तशीच जुन्या वायरीतून वीज दिव्यापर्यंत कमी पोचते. दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो! इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बॅटरीवरचा आणि बल्बच्या होल्डरवरचा दाब इलेक्ट्रिशियनला मोजायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. अर्थिंगची वायर जिथं बॉडीला जोडलेली असते, तो गंज खरवडून घ्या. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने साफ होते; मात्र आधी वायरी सोडवा आणि ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. एवढ्यानं भागलं नाही, तर रिले बसवून घ्या. मग बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून थेट दिव्याला जाते आणि डॅशबोर्डच्या बटणावर भार पडत नाही.

बल्ब नेहमीचाच, ६०/५५ वॅटचा घ्यावा, आणि दोन्ही एकदम बदलावेत. त्याच्या काचेला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो. १००/९० चा बल्ब घातला, तर दोन दिव्यांना मिळून १० ऐवजी सुमारे १७ अँपिअर वीज लागते. जुनी वायर तापते, होल्डर वितळतो, प्रसंगी आगही लागते. हॅलोजनच्या जागी नुसता एलईडी बल्ब ठोकला, तर उजेड फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

शेवटची गोष्ट पिकअपसाठी फार महत्त्वाची. मागे माल भरला की मागचा भाग दबतो, नाक वर होतं आणि झोत झाडांच्या शेंड्यावर जातो! म्हणून नेहमीचा माल भरूनच दिवे लावून घ्यावेत. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि दिव्याच्या उंचीची खडूची रेघ भिंतीवर ओढा. डिपरचा झोत रेघेच्या सुमारे १० सेंटीमीटर खाली पडायला हवा.

आठ वर्षांहून जुन्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस लागतो आणि तिथं दिवेही तपासतात. पण तेवढ्यासाठी थांबायला नको. बहार सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढा. खडू तुमच्या हातात असू द्या!