जुन्या चामड्याला तेल पाजू नका

जुन्या ग्रंथालयातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कातडी बांधणीचा ग्रंथ मागवावा आणि चाळून परत करताना पाहावं, तर तळहात, बाह्या, टेबल सगळं विटकरी भुकटीनं माखलेलं. ही कपाटातली धूळ नसते. ते पुस्तकाचं चामडंच असतं, झडून पडलेलं. संवर्धन करणारे या विकाराला ‘रेड रॉट’ म्हणतात. आजोबांची वकिलीची बॅग, दुर्बिणीची पेटी, माळ्यावरचं खोगीर, म्यानावरचं कातडं यांनाही तो होतो. मग घरातलं कुणीतरी निदान करतं, ‘कोरडं पडलंय, तेल लावा.’ खोबरेल येतं, एरंडेल येतं, नाहीतर बुटाचं पॉलिश. चार दिवस वस्तू तुकतुकीत दिसते आणि सगळ्यांना समाधान वाटतं.

निदान मात्र चुकलेलं असतं. अशी भुकटी सोडणारं चामडं तेलावाचून मरत नाही, ते आम्लानं मरतं. तेलानं आम्ल जात नाही.

हे समजण्यासाठी आधी चामडं म्हणजे काय ते पाहू. जनावराच्या कातडीचा मधला थर कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. कोलॅजेनचा रेणू म्हणजे काथ्याच्या तिपेडी दोरासारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्या. त्याची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये असे तीन हजारांहून अधिक रेणू टोकाला टोक लावून बसतील. कच्चं कातडं ओलं राहिलं तर जीवाणू हे तंतू फस्त करतात. वाळलं तर तंतू एकमेकांना चिकटून ते कडक होतं. कातडं कमावणं म्हणजे झाडांच्या साली, फळं आणि शेंगांमधलं टॅनिन या तंतूंमध्ये मुरवणं. टॅनिन कोलॅजेनला ठिकठिकाणी धरून ठेवतं. मग तंतू कुजत नाहीत, सुटे राहतात आणि उष्णताही अधिक सोसतात. पाण्यात ठेवून तापवत गेलं तर कच्चं कातडं ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आक्रसतं. वनस्पतिजन्य टॅनिननं कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांपर्यंत तग धरतं. हे आकडे पुढे कामाला येतील.

आम्लाचा पहिला सुगावा लागला तो लंडनमध्ये. तिथल्या अथेनियम क्लबात खुर्च्यांचं आणि पुस्तकांच्या बांधणीचं चामडं अवेळी झिजू लागलं होतं. त्याचं कारण शोधणारा माणूस होता मायकेल फॅरडे. १८२४ मध्ये हा क्लब सुरू झाला तेव्हा फॅरडेच त्याचा पहिला सचिव होता. क्लबात उजेडासाठी कोळशापासून काढलेला गॅस जळत असे. त्या गॅसमध्ये गंधकाची संयुगं असत आणि ज्योतीबरोबर त्यांचा आम्लधर्मी धूर खोलीत पसरे. चामड्याचा शत्रू हा धूर आहे, असं फॅरडेनं दाखवलं. इतकंच करून तो थांबला नाही. ज्वलनातून निघालेले वायू खोलीबाहेर नेणारा दिवाच त्यानं बनवला आणि १८४३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यावर व्याख्यान दिलं. म्हणजे चामड्याला काही चोपडण्याऐवजी त्यानं हवा सुधारली. पुढच्या शतकानं हा धडा विसरायचं ठरवलं असावं.

१९०० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं पुस्तकबांधणीच्या चामड्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा पहिला अहवाल १९०१ मध्ये आला, विस्तृत अहवाल १९०५ मध्ये. समितीला दिसलं ते चमत्कारिक होतं. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या बांधण्या अजून धडधाकट होत्या आणि १८६० नंतरच्या पार ढासळलेल्या. दोष एकट्या गॅसचा नव्हता. एकसारखा उजळ रंग चढावा म्हणून कारखान्यांत चामडं गंधकाम्लात बुडवलं जाई आणि ते आम्ल नीट धुऊन निघत नसे. बांधणी सुबक दिसावी म्हणून चामडं तासून पातळही केलं जाई. तिसरं कारण होतं टॅनिनची जात. ते थेट आपल्या माळरानापर्यंत येतं.

त्या काळी हिंदुस्थानातून, विशेषतः मद्रास इलाख्यातून, शेळ्यामेंढ्यांची कमावलेली कातडी विलायतेला मोठ्या प्रमाणावर जात. ती तरवडाच्या सालीनं कमावलेली असत. पिवळ्या फुलांचं हे झुडूप दख्खनच्या माळावर हटकून दिसतं. हे चामडं स्वस्त, मऊ आणि इतर कामांना उत्तम होतं, पण पुस्तकांसाठी समितीनं ते अगदी वाईट ठरवलं. त्यात बांधलेली पुस्तकं वर्षाच्या आत खराब होऊ लागल्याची उदाहरणं तिच्यापुढे आली होती.

यामागचं रसायन असं. वनस्पतींमधल्या टॅनिनचे ढोबळमानानं दोन गट पडतात. तरवडाच्या सालीतलं टॅनिन ‘संघनित’ गटातलं. या गटाच्या टॅनिननं कमावलेलं चामडं हवेतला सल्फर डायऑक्साइड अधिक शोषतं आणि लालसर पडत जातं. हिरडा आणि भूमध्य समुद्राकाठी वाढणारा सुमाक दुसऱ्या गटातले. त्यांचं चामडं प्रदूषित हवेला अधिक काळ दाद देत नाही. दोन्हींतला फरक ओळखायची जुनी परीक्षा अजूनही वापरतात. लोहाच्या क्षाराचा सूक्ष्म थेंब दिला की दुसऱ्या गटाचं टॅनिन निळसर काळं होतं, संघनित टॅनिन हिरवट काळं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग बनवणारे आपले कारागीर याच अभिक्रियेवर पोट भरत होते. जुन्या चामड्याला लोखंडी टाचणी लागली की काळा डाग पडतो, तोही याच कारणानं.

चामड्यात शिरलेल्या सल्फर डायऑक्साइडचं ओलावा, ऑक्सिजन आणि लोहाचे अंश यांच्या संगतीनं गंधकाम्ल होतं. हे आम्ल बाष्प होऊन उडून जात नाही. ते आत साठत राहतं, कोलॅजेनच्या साखळ्या तोडतं आणि टॅनिनचंही विघटन करतं. शेवटी तंतूंऐवजी उरते ती भुकटी. याचा पुरावा घरच्या कपाटातही सापडेल. फळीवर उभ्या ठेवलेल्या पुस्तकाचा कणा हवेला आणि उजेडाला उघडा असतो, तो आधी झडतो. शेजारच्या पुस्तकांमध्ये दाबून बसलेल्या बाजू बऱ्याच चांगल्या राहतात. चामडं एकच, वय एकच, वेगळी आहे ती फक्त हवा.

उलट बाजूचं उदाहरण समुद्राच्या तळाशी मिळालं. सेंट पीटर्सबर्गहून जिनोआकडे निघालेलं ‘मेटा कॅथरिना’ हे जहाज डिसेंबर १७८६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदराशी बुडालं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं तेव्हा त्यातल्या रेनडियरच्या कातड्यांचे गठ्ठे गाळात रुतलेले होते. विलोच्या सालीनं कमावून बर्चचं तेल मुरवलेलं हे रशियन चामडं पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही इतकं शाबूत होतं, की त्याच्या बॅगा आणि बूट शिवून विकले गेले. तेल होतं, पण ते कमावतानाच मुरवलेलं. नंतरच्या काळात या चामड्याला मिळाला तो फक्त गाळ, ज्यात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि गॅसचा धूर तर नव्हताच.

मग तेल लावण्याची प्रथा इतकी रुजली कशी? कारण मोठमोठ्या संग्रहालयांनीच ती रुजवली. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेचं चामड्याचं मलम विसाव्या शतकात जगभर वापरलं गेलं. लोकरीची चरबी म्हणजे लॅनोलिन, मधमाश्यांचं मेण आणि सीडरवुडचं तेल हेक्झेनमध्ये विरघळवून ते बनवत. ग्रंथालयांमधून हजारो पुस्तकांना ते चोळलं गेलं. काही दशकांनी परिणाम दिसले. पृष्ठभाग चिकट झाले, धूळ कायमची बसली, तेल आतल्या कागदात उतरलं, कुठे पांढरा थर वर आला. आम्ल होतं तिथेच होतं. पुढे अनेक संस्थांनी सरसकट तेल लावणं सोडून दिलं.

खोबरेलाची गत याहून वेगळी नाही. ते सुमारे २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पृष्ठभागावर पांढरट साय येते. जवसासारखी तेलं हवेतल्या ऑक्सिजननं घट्ट होतात आणि चामडं आणखी ताठरतं. पितळी बक्कल असेल तर मेदाम्लांशी तांब्याची अभिक्रिया होऊन हिरवा मेणचट थर जमतो. तेल प्यायलेल्या चामड्यावर पुढे तज्ज्ञालाही उपचार करणं अवघड जातं, हे आणखी एक नुकसान.

पाण्याचा धोका त्याहून मोठा. आता ते तापमानाचे आकडे आठवा. आम्लानं पोखरलेल्या चामड्याचं आक्रसण्याचं तापमान घसरत घसरत चाळीस अंशांच्या आसपास येऊ शकतं. म्हणजे ओल्या फडक्यानं पुसून वस्तू उन्हात ठेवली, की ते काळं पडून कायमचं आखडू शकतं. शिवाय १९३० च्या दशकातल्या संशोधनात असं दिसलं, की जुन्या टिकाऊ चामड्यात पाण्यात विरघळणारे काही क्षार असतात आणि ते आम्लापासून संरक्षण देतात. धुतलं की तेही निघून जातात. म्हणून घोड्याच्या जिनासाठी मिळणारा साबण रोजच्या वापरातल्या जिनालाच लावावा, पणजोबांच्या नव्हे.

मग करायचं काय? मऊ केसांच्या ब्रशनं, एका दिशेनं, हलक्या हातानं धूळ झाडा. व्हॅक्यूम क्लिनर वापरायचा तर कमीत कमी ओढीवर आणि तोंडाला मलमलीचं कापड बांधून. पांढरं काही दिसलं तर भिंग घ्या. तंतुमय, ठिपक्याठिपक्यांचं आणि कुबट वासाचं असेल तर बुरशी. गुळगुळीत आणि बोटाच्या उबेनं वितळणारं असेल तर वर आलेला मेद. बुरशीची वस्तू लगेच इतरांपासून वेगळी करा, सावलीत हवेशीर जागी सुकू द्या आणि मगच, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर झाडा.

ठेवण्याची जागा औषधापेक्षा महत्त्वाची. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. ६५-७० टक्क्यांच्या वर बुरशीला रान मोकळं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा आकडा ८० च्या पुढे जातो. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. बॅगेच्या आणि बुटांच्या पोटात आम्लरहित कागदाचे बोळे भरा, म्हणजे घड्या पडणार नाहीत. वेखंड ठेवायचं तर पुरचुंडीत, चामड्याला न टेकवता. ऊन आणि स्वयंपाकघराचा धूर दोन्हींपासून लांब.

भुकटी सुटू लागलेल्या चामड्यासाठी संवर्धक हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हा सेल्युलोजपासून बनवलेला पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून वापरतात. पाणी नसल्यानं चामडं सहसा काळं पडत नाही आणि सुटे कण एकमेकांना धरतात. यानंही तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत. झड थांबते, इतकंच. मौल्यवान वस्तू असेल तर हे काम प्रशिक्षित हातांकडेच द्यावं.

एक अपवाद विसरू नये. तबल्याची पुडी किंवा कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या, यांतलं कातडं टॅनिननं कमावलेलं नसतं. तिथे रेड रॉट नाही, पण दमट हवेत ते फुगतं, कोरड्यात वाकतं. त्याला आर्द्रतेतली चढउतार सगळ्यात घातक.

कोल्हापुरी चपलेला तेल द्यावं का? पायात असेल तर जरूर द्यावं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं रोज वाकतं, घासतं, भिजतं; तिथे तंतूंना वंगण लागतं, आणि चप्पल शंभर वर्षं टिकावी अशी कुणाची अपेक्षा नसते. वापरायची वस्तू आणि जपायची वस्तू यांचे नियम वेगळे, एवढं ठरवलं की अर्धं काम झालं. जपायच्या वस्तूवर पूर्वी काही लावलं असेल तर काय लावलं आणि कधी, याची चिठ्ठी सोबत ठेवा. पुढे कुणी संवर्धक ती वस्तू हातात घेईल, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न तोच असेल.