स्पॉन्सरशिप विकत मिळत नाही



पूर्वी गटातून कर्ज उचललं जायचं ते शेळीसाठी, बियाण्यासाठी, नाहीतर लग्नासाठी. आता बैठकीत आणखी एक कारण ऐकू येतं. लेकाला किंवा लेकीला शिकायला इंग्लंडला पाठवायचंय. कोणी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढतं, कोणी शेताचा तुकडा गहाण ठेवतं. हिशोब सगळ्यांचा एकच, की शिक्षण झालं की तिथेच नोकरी लागेल आणि कर्ज फिटेल.

म्हणून आज आपण तिथल्या मालकाच्या बाजूने बघू. परदेशी विद्यार्थ्याला कामावर ठेवताना त्याच्यावर कोणते नियम असतात? ते कळले, की एजंटच्या बोलण्यात खरं किती आणि थाप किती, हे आपलं आपल्याला कळतं.

पहिला टप्पा शिकतानाचा. विद्यापीठात पदवी किंवा मास्टर्स करणाऱ्या मुलांना कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. सुट्टीत पूर्णवेळ चालतं. कामावर घेण्याआधी मालकाने तपासणी करायची असते. मुलगी सरकारी वेबसाइटवरून शेअर कोड काढून देते. तो कोड आणि जन्मतारीख टाकली की तिचा फोटो, कामाची परवानगी आणि तिची मुदत मालकाला दिसते. कॉलेजच्या सुट्ट्यांच्या तारखांचा कागदही त्याने मागून ठेवायचा असतो. बेकायदा कामाला ठेवलं तर पहिल्याच वेळी एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड फेब्रुवारी २०२४ मध्ये वाढवला.

तेव्हा फोनवर लेकराला "हप्ता भरायचाय, जरा जास्त तास कर" असं म्हणू नका. तास ओलांडले तर व्हिसा जाऊ शकतो. मग शिक्षणही गेलं आणि कर्ज तसंच राहिलं. तिथला किमान पगाराचा कायदा आपल्या मुलांनाही लागू आहे. "रोख देतो, कागदावर नाव नको" म्हणणाऱ्या मालकापासून त्यांना लांब राहायला सांगा.

दुसरा टप्पा पदवीनंतरचा. याला ग्रॅज्युएट व्हिसा म्हणतात. तो मुलं स्वतःच्या अर्जाने काढतात. त्यावर कामाला ठेवायला मालकाला वेगळं लायसन्स लागत नाही. याची मुदत दोन वर्षं आहे, पीएचडी केलेल्यांना तीन. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडी सोडून, दीड वर्षच मिळेल. हा व्हिसा पुढे वाढवून मिळत नाही. कर्जफेडीचा हिशोब करताना हे ध्यानात ठेवा.

तिसरा टप्पा स्किल्ड वर्कर व्हिसाचा. इथे मात्र मालकाकडे सरकारचं स्पॉन्सर लायसन्स असावंच लागतं. काम बहुतेक पदवीच्या दर्जाचं लागतं. जुलै २०२५ पासून वर्षाचा पगार साधारणपणे किमान ४१,७०० पौंड हवा. नुकतंच शिक्षण झालेल्यांना सवलत आहे, तरी ३३,४०० पौंड लागतातच, आणि कामाप्रमाणे आकडा वाढतो. दुकानात माल लावायच्या नोकरीवर हा व्हिसा मिळत नाही.

आता फसवणूक कुठे होते ते ऐका. "स्टुडंट व्हिसावर जाऊ द्या, दोन महिन्यांत नोकरीच्या व्हिसावर बदलून देतो," असं एजंट सांगतात. जुलै २०२३ पासून पदवी किंवा मास्टर्सचा अभ्यासक्रम पूर्ण व्हायच्या आधी असा बदल करता येत नाही. दुसरी थाप, "स्पॉन्सरशिपचे दहा-पंधरा लाख द्या." स्पॉन्सर लायसन्सची आणि सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची फी मालकाने भरायची असते. ३१ डिसेंबर २०२४ पासून ती स्किल्ड वर्करकडून वसूल करायलाही बंदी आहे. व्हिसाची फी आणि तिथल्या आरोग्यसेवेचा सरचार्ज हा खर्च आपल्याकडे येऊ शकतो, पण तो सरकारच्या वेबसाइटवर भरतात आणि त्याची पावती मिळते.

मैत्रिणींनो, गटात कर्ज मंजूर करण्याआधी आपण चार प्रश्न विचारतोच ना? तसेच इथे विचारा. कंपनीचं नाव काय? ती लायसन्सच्या यादीत आहे का? ही यादी ब्रिटन सरकारच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. काम कोणतं आणि वर्षाचा पगार किती? पैसे कशाचे आणि पावती कोणाच्या नावाची? यादीत नाव सापडलं तरी थांबू नका. एजंटने दिलेल्या नंबरवर विसंबू नका, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून संपर्क करून नोकरी खरी आहे का ते विचारा. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवलं तर तासाभराचं काम आहे.

नियम बदलत राहतात, म्हणून पैसे देण्याच्या आठवड्यात यादी आणि पगाराचा आकडा पुन्हा बघा. आणि सातबारा कोणाच्या हातात देण्याआधी ही चार उत्तरं कागदावर लिहून गटाच्या बैठकीत घेऊन या. आपण सगळ्या मिळून वाचू.