संगणक रोज तीच तक्रार का करतो?

रायपूर शहराच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगाव वसले आहे. लोखंड-पोलादाचे कारखाने, रात्रंदिवस धावणारे ट्रक आणि नोकरीधंद्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून येऊन स्थायिक झालेली माणसे, असे हे गाव. येथील एखाद्या मराठी कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मुलगी पुण्याला शिकते आहे, मुलगा बारावीत आहे, आजोबांना पेन्शन आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काही वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला संगणक आहे. विजेचे बिल, परीक्षेचा अर्ज, आजोबांचे बँक खाते, 'भुइयां'वरून काढायचा जमिनीचा बी-१, सारे त्याच्यावरच चालते. आणि रोज सकाळी संगणक सुरू करून ब्राऊझर उघडला, की पडद्यावर इंग्रजीत तीच पाटी : 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. म्हणजे तुमचे हे बोलणे तिसरा कोणी ऐकत असू शकेल.

पहिल्या दिवशी घरातली मंडळी घाबरतात. दुसऱ्या दिवशी मुलगा 'ॲडव्हान्स्ड'वर क्लिक करून, खाली बारीक अक्षरात लिहिलेले 'तरीही पुढे जा' शोधून काढतो. आठवड्याभरात आजोबाही ते शिकतात आणि पाटी न वाचताच पुढे जाऊ लागतात. काही संकेतस्थळांवर मात्र हा मार्गही खुला नसतो. मग दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते. तो दोन मिनिटे पाहतो आणि सांगतो, "पूरा फॉरमॅट करना पडेगा." साहजिकच पैसे जातात, कधी कधी मुलांच्या लहानपणाचे फोटोही जातात, आणि चार दिवसांनी तीच पाटी पुन्हा हजर!

वास्तविक अशा घरांत दोष बहुधा जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढ्या एका सेलचा असतो.

घड्याळ आणि ओळखपत्र

बँकेचे किंवा सरकारी कार्यालयाचे संकेतस्थळ उघडताना ब्राऊझर आधी त्याचे ओळखपत्र तपासतो. या ओळखपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध, असे लिहिलेले असते. ब्राऊझर त्या तारखा आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. आता समजा, गाडीत एक तिकीट तपासनीस आला आणि त्याच्या खिशातल्या कॅलेंडरवर २०१५ साल आहे. तो आजचे प्रत्येक तिकीट खोटेच ठरवणार. प्रवासी खरे, तिकीट खरे, चूक कॅलेंडरची. आपल्या ब्राऊझरचे नेमके हेच होते.

संगणकाचे घड्याळ बंद अवस्थेतही चालू राहावे म्हणून आतल्या मुख्य पट्टीवर एक गोल सेल बसवलेला असतो. बहुतेक घरगुती संगणकांत तो सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो. नावातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही घड्याळाला विजेचा थोडा पुरवठा मिळत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. पण आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची पद्धत आहे. पद्धत चांगलीच, विशेषतः पावसाळ्यात विजा कडाडत असताना. मात्र त्यामुळे रात्रभर सगळा भार सेलवर येतो. काही वर्षांनी सेल संपला, की रात्री बटण बंद होताच घड्याळ आपली स्मृती गमावते आणि सकाळी संगणक मागच्याच कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीला जागा होतो. दिवसा तारीख नीट लावली तर सारे सुरळीत, दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिले पाढे. 'रोज सकाळीच का होते?' या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. काही संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर 'सीमॉस' असा शब्द दाखवून एफ-१ दाबायला सांगतात, तीही याच सेलची हाक असते.

तेव्हा पाटी दिसली की आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख पाहा. नुसता वार-दिनांक नव्हे, साल पाहा. हल्लीचा क्रोम ब्राऊझर तर पुष्कळदा स्वतःच सांगतो की तुमचे घड्याळ मागे आहे किंवा पुढे आहे. पण इंग्रजी मजकूर दिसला की आपण तो न वाचताच बंद करतो, त्याला ब्राऊझरने काय करावे? तारखेवर माऊसचे उजवे बटण दाबून तारीख-वेळ बदलण्याच्या पानावर जा, वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू करा आणि वेळेचा पट्टा चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हाच आहे ना, ते बघा. हा पट्टा चुकला तर घड्याळ दिसायला बरोबर असूनही आतून काही तास मागे-पुढे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख पुन्हा मागे गेलेली आढळली, तर सेल बदलायची वेळ आली असे खुशाल समजा.

सेल बदलणे फारसे अवघड नाही आणि त्याला चहा-नाश्त्याएवढाच खर्च येतो. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, बाजूचे झाकण उघडावे, छोटी पकड अलगद सरकवून जुना सेल काढावा आणि अधिक चिन्हाची बाजू पूर्वी होती तशीच ठेवून नवा बसवावा. लॅपटॉपमध्ये हा सेल आत वायरीने जोडलेला असू शकतो, तिथे मात्र जाणकाराकडेच जावे. काढलेला सेल टेबलावर ठेवू नये, हे घरात लहान मूल असेल तर फारच महत्त्वाचे. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांच्या आत गंभीर जखम होऊ शकते. तसे घडल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे.

घड्याळ बिनचूक असूनही पाटी येत राहिली तर? मग संगणकाचे वय पाहावे. ओळखपत्रे देणाऱ्या संस्थांची एक यादी संगणकात असते आणि नवनवी भर घातली नाही तर ती जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशाच एका मूळ ओळखपत्राची मुदत संपली. जगभर असंख्य संकेतस्थळे त्यावर अवलंबून होती. अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या संगणकांवर आणि फोनवर त्या दिवसापासून चांगली चांगली संकेतस्थळे उघडेनाशी झाली. विंडोज ७ ला मिळणारी सर्वसाधारण मदत १४ जानेवारी २०२० रोजी थांबली होती, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. असा संगणक बँकेच्या कामासाठी वापरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. गाणी ऐकायला, पत्रे टंकायला तो खुशाल ठेवावा.

दोष आपला नसतो तेव्हा

बाकीच्या तक्रारींचे मूळ शोधायला एक सोपी कसोटी आहे. जे पान संगणकावर उघडत नाही, तेच मोबाइलवर उघडून पाहावे, पण घरातले वायफाय बंद करून, मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवर. तिथे उघडले तर दोष आपल्या संगणकाचा किंवा घरातल्या जोडणीचा. तिथेही नाही उघडले, तर दोष बहुधा पलीकडच्यांचा.

पाटीवरचा आकडाही हेच सांगतो. चाराने सुरू होणारा आकडा म्हणजे साधारणपणे मागणीतच काहीतरी चुकले. ४०४ म्हणजे मागितलेले पान तिथे नाही, तेव्हा पत्ता पुन्हा तपासा. (हा आकडा युरोपातील सर्न प्रयोगशाळेतल्या एका खोलीच्या क्रमांकावरून आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट मजेदार आहे, पण खरी नाही.) पाचाने सुरू होणारे ५००, ५०२, ५०३ हे आकडे म्हणजे पलीकडचा संगणकच थकला. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविनवर लसीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत असेच झाले होते. त्या एका दिवसात १ कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली! २१ मे २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या अकरावी प्रवेशाचे संकेतस्थळही पहिल्याच दिवशी कोलमडले होते. अशा वेळी घरातला संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही साधत नाही, उगाच मुलांचा जीव टांगणीला लागतो. मात्र पैसे भरताना पान अडकले, तर ते ताजे करण्याचे बटण दाबू नका. आधी बँकेचा संदेश किंवा खात्याची नोंद पाहा. पैसे गेले असतील तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका.

एकच संकेतस्थळ अडत असेल आणि बाकीची नीट चालत असतील, तर त्या संकेतस्थळाच्या ब्राऊझरने साठवलेल्या जुन्या खुणा, म्हणजे कुकीज, पुसून पाहाव्या. 'टू मेनी टाइम्स' असे शब्द असलेली तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच जाते. पुसताना पासवर्डच्या चौकोनात खूण नाही याची खात्री करा, नाहीतर घरातल्या साऱ्यांचे पासवर्ड एका झटक्यात जातील. कुठलेच पान उघडत नसेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. आणि उघडलेली पाने मधूनच कोलमडत असतील, तर एकाच वेळी तीस-चाळीस पाने उघडी ठेवण्याची सवय सोडा आणि ब्राऊझरला जोडलेली फुकटची अवजारे काढून टाका. बीरगावसारख्या कारखानी गावात धुळीने आतला पंखा कोंदतो, संगणक तापतो आणि आपोआप बंद पडतो, तेही लक्षात असू द्या.

जिने पाटी वाचली

एवढी खटपट कशाला, 'तरीही पुढे जा' आहेच की, असे कोणी म्हणेल. २०११ सालची गोष्ट पाहा. हॉलंडमधील डिजिनोटार नावाची एक संस्था संकेतस्थळांना ओळखपत्रे देत असे. तिच्या संगणकांत घुसून कोणीतरी गूगलच्या नावाची खोटी ओळखपत्रे तयार करून घेतली. ती इराणमध्ये वापरली गेली आणि लक्षावधी लोकांचे ई-मेल चोरून वाचले जाण्याचा धोका निर्माण झाला. ऑगस्टमध्ये तिथल्या एका सामान्य माणसाला जीमेल उघडताना क्रोमने तशीच पाटी दाखवली. त्याने ती ओलांडली नाही, काहीतरी गडबड आहे असे गूगलला कळवले आणि सारे प्रकरण उघडकीस आले. पुढच्याच महिन्यात डिजिनोटारचे दिवाळे वाजले.

आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत ओळखपत्रे निघाल्याचे आढळले होते आणि केंद्राचे तसे अधिकार तातडीने काढून घेण्यात आले. तेव्हा ही पाटी नेहमीच पोकळ नसते. पण संपलेल्या सेलमुळे जी रोज दिसते, ती खरी असेल त्या दिवशी कोण वाचणार? घरातल्या वडीलधाऱ्यांना पाटी ओलांडायला शिकवण्यापेक्षा सेल बदलणे हे कितीतरी स्वस्त आहे.

याच्या अगदी उलट जातीची एक पाटी असते. अचानक सारा पडदा भरून जातो, भोंगा वाजू लागतो, 'तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, तो बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असे लिहिलेले असते आणि खाली एखाद्या नामवंत कंपनीचे चिन्ह असते. ही शुद्ध फसवणूक आहे. ब्राऊझरची खरी सूचना मितभाषी असते. ती आवाज करत नाही, घाई करत नाही, फोन क्रमांक तर देतच नाही. मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या सूचनांत कधीही फोन क्रमांक नसतो. गंमत अशी, की खऱ्या पाटीकडे दुर्लक्ष करणारे घर या खोट्या पाटीला मात्र बळी पडते, कारण ती ओरडते.

अशा वेळी एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरा. पडदा लहान झाला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून ब्राऊझर बंद करा. तेही जमले नाही तर संगणकच बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राऊझर 'आधीची पाने उघडू का?' असे विचारेल, तेव्हा नाही म्हणा. घरातल्या कोणी त्या क्रमांकावर आधीच फोन केला असेल आणि सांगितलेले एखादे ॲप उतरवून संगणकाचा ताबा दिला असेल, तर रागावत बसू नका. प्रथम इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवायला सांगा आणि पासवर्ड दुसऱ्याच यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर लगोलग १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करा. हा क्रमांक छत्तीसगडात आणि महाराष्ट्रातही चालतो. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता अधिक. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ कागदावर लिहून जवळ ठेवा आणि त्या खोट्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढला असेल तर तो पुसू नका.