गाडी लागण्याची गोळी : प्रवास संपला तरी अंमल उरतो

दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, बुद्धगया. आपल्या वस्त्यांतून वर्षभर गाड्या निघतात आणि प्रत्येक गाडीत दोन-चार जणांना तरी गाडी लागतेच. गोळी घेतली की प्रवास निभावतो. तक्रारी सुरू होतात परतल्यावर. दुसरा दिवस उजाडला तरी डोके जड, तोंड कोरडे, डोळे मिटलेले. घरचे म्हणतात, प्रवासाचा शीण आहे. शीण असतोच, पण त्यात गोळीचाही वाटा असू शकतो.

मेडिकलवर मिळणाऱ्या एव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन असते. ते उलटी थांबवते, तशी झोपही आणते. निम्मे औषध शरीरातून जायलाच साधारण 10 ते 19 तास लागतात. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशीही राहते, ती यामुळे. वाटेत उलटी झाली म्हणून आणखी एक गोळी घेतली तर अंमल वाढतो. अशा अवस्थेत परांचीवर चढणे, रिक्षा चालवणे, मशीनवर उभे राहणे धोक्याचे. आपल्या लोकांना जास्तीची रजा कोण देतो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सकाळी कामावर जायचे असेल तर परतीच्या रात्री गोळी घ्यायची का, हे आधीच ठरवा. तिच्यावर दारू किंवा झोपेची गोळी तर नकोच.

वयस्कर माणसांत याच गोळीने लघवी अडते, बद्धकोष्ठ होतो, कधी माणूस असंबद्ध बोलतो, रात्री उठताना पडतो. प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन वर्षांखालील बाळाला ही गोळी कधीच देऊ नका, चुरा करूनही नाही. श्वास मंदावून बाळ दगावू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही दुकानांतून उलटीसाठी पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल दिली जाते. पेरिनॉर्मचा गाडी लागण्यावर फारसा उपयोगही नाही. पण या गोळ्यांनी काहींना, विशेषतः मुलांना आणि तरुण मुलींना, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत विचित्र त्रास होतो. मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, डोळे वर फिरतात. शुद्ध मात्र असते. प्रवासाहून आलेल्या मुलीचे असे झाले की शेजारपाजारचे कुजबुजतात, 'हिच्या अंगात आलं.' बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही घाबरलेली आई मग कुणाचेही ऐकते. अंगात काही येत नाही, हा औषधाचा परिणाम आहे. लिंबू-अंगाऱ्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा सरकारी दवाखाना गाठा आणि गोळीचे पाकीट सोबत न्या. योग्य इंजेक्शनने हा त्रास बहुधा अर्ध्या तासात ओसरतो.

आणखी एक गोष्ट. लांबच्या प्रवासानंतर अंथरुणावर पडल्यावरही गाडी हलतेय असे वाटते. ते गोळीमुळे नसते. शरीराचा तोल जागेवर यायला वेळ लागतो, दिवस-दोन दिवसांत जाते. त्यासाठी पुन्हा तीच गोळी घेऊ नका. तीन दिवसांनंतरही चक्कर किंवा गुंगी राहिली, किंवा लघवी अडली, तर मात्र लगेच दाखवा.

पुढच्या वेळी गोळी घ्यायचीच तर निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. बसायला पुढची जागा धरा, समोर लांब रस्त्याकडे पाहा, आणि मोबाइल पिशवीत ठेवा.