कापूस एकाधिकार खरेदी योजना
महाराष्ट्रातील कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री सहकारी यंत्रणेमार्फत करण्याची शासकीय योजना. १९७१ च्या अधिनियमान्वये ती १९७२ पासून अंमलात आली. बडनेऱ्यासारख्या लोहमार्गावरील वऱ्हाडी पेठांत शेतकऱ्याचा माल हंगामाच्या तोंडी पडत्या भावाने अडत्यांच्या हाती जाई; ते थांबविणे हा तिचा हेतू. हमीभाव बाजारभावाहून अधिक असला, की केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत व चुकारे लांबत. कमी असला, की माल चोरट्या मार्गाने शेजारच्या राज्यांत जाई. म्हणजे तोट्याचा कापूस तेवढा सहकाराच्या वाट्यास येई. अखेर २००२ मध्ये खाजगी खरेदीस मुभा मिळून एकाधिकार संपला. पुढे कापूस पणन महासंघाने काही हंगामांत भारतीय कापूस निगमाचा अभिकर्ता म्हणून खरेदी केली. कच्च्या कापसाऐवजी प्रतवारी केलेली रुई व सरकी विकण्यात सहकारी संस्थांना अद्याप वाव आहे. मात्र त्यासाठी चुकारा वेळेवर देण्याइतके खेळते भांडवल हाताशी लागते.